मिसळीच्या बोर्डाला गुबगुबीत 'मोदक' फॉन्ट, चालेल का?

कोरलवाला_नाशिक:
मंडळी, रविवार कारंजाजवळ माझं फ्लेक्स-बोर्डाचं काम आहे. गंगापूर रोडला एक जण मिसळीचं नवीन हॉटेल टाकतायत, त्यांच्या बोर्डाला मी 'मोदक' लावला. मालक खूश, पण त्यांचे वडील म्हणे अक्षरांना सूज आलीय. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा फुकट मिळणारा देवनागरी फॉन्ट, इतका जाड की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नुसती चिरेएवढी उरते. मला तर मिसळीसाठी तोच पाहिजे, तुम्ही 'मिसळ' लिहून बघा, तो ळ असा काय फुगतो की बघूनच भूक लागते. नाहीतर सगळीकडे तेच, लाल-पिवळं ग्रेडियंट, पांढरी बॉर्डर, श्रीलिपी सॉफ्टवेअरमधलं ठरलेलं अक्षर. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नाही असं लिहावंच लागतं ना, मग ते जरा बघण्यासारखं असू दे की.

पंचवटीचा_ब्रश:
३० वर्षं पाट्या रंगवल्या म्हणून बोलतो. बोर्ड बघायला नसतो, वाचायला असतो. त्या फॉन्टात 'बटाटावडा' लिही आणि रस्त्याच्या पलीकडून बघ, ब च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की त्याचा व झाला, ष चा प झाला. आम्ही ब्रशने लिहिताना पोट हाताने मोकळं ठेवायचो, शेजारी उकार आला तर अक्षर जरा वर उचलायचो. कमल शेडग्यांनी नाटकांची टायटलं केली ती बघा, प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर. तुझ्या फॉन्टात 'बाबा' लिहिलं तर दोन्ही ब सारखेच, शिक्का मारल्यासारखे.

रामकुंड_कट्टा:
काकांना अनुमोदन. आमच्या गल्लीत एका आजोबांच्या दशक्रियेचं बॅनर लागलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढं गोलमटोल की लांबून वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे, मी जवळजवळ शुभेच्छा द्यायला निघालो होतो. बॅनरवाल्याला विचारलं तर म्हणे कॉम्प्युटरवर तोच पहिला दिसला.

झिलमिल:
त्यात फॉन्टाचा काय दोष हो? कॉमिक सॅन्सचं हेच झालं. व्हिन्सेंट कोनारेने १९९४ ला मायक्रोसॉफ्टसाठी केला तो कार्टून कुत्र्याच्या तोंडच्या फुग्यातल्या मजकुरासाठी, आणि लोकांनी ऑफिसच्या नोटिसा छापल्या. २०१२ ला सर्नच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाच्या घोषणेच्या स्लाइडसुद्धा त्यातच होत्या, जग हसलं, पण कण सापडला तो सापडलाच. मिसळ म्हणजे काही श्रद्धांजली नाही, तिथे गंभीर तोंड करून कशाला बसायचं.

रात्रपाळी:
मी एलईडी लेटर बसवतो, तुम्ही सगळे दिवसाचंच बोलताय. जाड अक्षर आम्हाला आवडतं, एलईडीची मॉड्यूल आत मावतात, बारीक रेघेत बसतच नाहीत. पण रात्री लाइट लागला की उजेड फाकतो आणि ती चीर गायब, अक्षराचा नुसता लाडू दिसतो. आणि अनुस्वार सुटा बसवतात, तो पावसाळ्यात पहिला पडतो, ही वेगळीच कटकट.

कोरलवाला_नाशिक:
हे कोणी आधी बोललंच नव्हतं, थँक्स. पण काका, 'मिसळ' मध्ये ब पण नाही, ष पण नाही, अनुस्वार पण नाही! म्हणून तर म्हणतो, शब्द बघून फॉन्ट लावायचा. सिंहस्थाच्या रस्त्यावरच्या पाट्यांना मी मोदक लावा म्हणत नाहीये, तिथे लाखो लोक घाईत वाचणार. हा आपला तीन अक्षरांचा मामला आहे.

पंचवटीचा_ब्रश:
आणि खालचा पत्ता?

कोरलवाला_नाशिक:
पत्ता 'मुक्ता' फॉन्टमध्ये, तोही त्याच लोकांचा, साधा सरळ. पत्त्याला मोदक लावणाऱ्याला मीच हाणेन.

झिलमिल:
काकांसाठी सांगते, 'यात्रा वन' फॉन्ट बघा, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय.

पंचवटीचा_ब्रश:
म्हणजे हात आमचा आणि डाउनलोड तुमचा. बरं, बघतो. पण एक सांग, बोर्डावर 'तऱ्हेतऱ्हेची मिसळ' अशी ओळ आहे का? कारण बऱ्याच फॉन्टात तो अर्धा र नीट येत नाही, 'तर्हा' होतं, आणि मराठी माणसाच्या डोळ्यात ते कुसळासारखं खुपतं. मी तीन बोर्ड बघितलेत असे, एक तर चक्क वऱ्हाडी जेवणाचा.

कोरलवाला_नाशिक:
ओळ आहे, खाली बारीक अक्षरात. काल ए-फोरवर प्रिंट काढून दुकानासमोर चिकटवला आणि रस्ता ओलांडून बघितला, 'मिसळ' ठणठणीत वाचता येतं. रात्रपाळीच्या सांगण्यावरून लाइट अक्षरात न घालता मागून भिंतीवर मारणार आहे, म्हणजे कडा उजळतील आणि पोट बुजणार नाही. मालकाच्या वडिलांनाही बोलवून दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले.
म्हणे, सूज उतरली नाहीये पण वाचता येतंय.

रामकुंड_कट्टा:
उद्घाटनाला फुकट मिसळ असेल तर तारीख टाका, फॉन्ट कुठलाही चालेल.