मदत हवी आहे: जोशींच्या कागदांच्या तारखा लागत नाहीत

गिरणगल्ली
जोशींच्या खासगी कागदांवरून लेख लिहितोय, ३० मेच्या आत द्यायचा आहे. सतरा-अठरा टंकलिखित पानं हाती आहेत, एकावरही तारीख नाही. खाली नुसतं 'जनरल सेक्रेटरी'. क्रम कसा लावू? गोरेगावलाही चौकशी केली, कुणालाच काही माहीत नाही. लवकर सांगा, प्लीज.

दफ्तरी
कोणते जोशी? समाजवादी एस. एम., कम्युनिस्ट पी. सी. की कामगारनेते ना. म. (नारायण मल्हार)? पी. सी. जोशींचा संग्रह जेएनयूत आहे, ना. मं.चे कागद दिल्लीतच तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. पानं मूळ आहेत की प्रती? फाईल क्रमांक काय?

गिरणगल्ली
कामगार चळवळ म्हटल्यावर ना. म.च की! तीन मूर्तीच्याच झेरॉक्स, मित्राने आणून दिल्या. क्रमांक कुठे दिसत नाही. सगळं इंग्रजीत.

कुलाबकर
तुम्ही मुंबईच्या गोरेगावात विचारलंत का? ना. मं.चा जन्म (५ जून १८७९) रायगडातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा, माणगावजवळचा. आणि तिथेही युनियनचे कागद शोधण्यात अर्थ नाही. सगळं काम परळ, गिरगाव आणि दिल्लीतलं.

जुनाकागद
गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, मग वाकलेलं टोक सरळ करून अलगद सोडवा. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको, पिवळी पडून शाई खाते.

दफ्तरी
@जुनाकागद, अहो, झेरॉक्स आहेत, टाचण्या कुठल्या?
@गिरणगल्ली, 'जनरल सेक्रेटरी' हीच तुमची किल्ली. आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन झाली १९२० साली, पण ना. म. तिचे जनरल सेक्रेटरी दोनदा होते: १९२५ ते २९ आणि पुन्हा १९४० ते ४८. मधल्या काळात नाहीत, कारण १९२९ च्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली. सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्काराचा ठराव झाला, ना. म. स्वतः त्या कमिशनचे सदस्य. ते, व्ही. व्ही. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली आणि वेगळं फेडरेशन काढलं. म्हणजे पानांचे आधी दोनच गठ्ठे करा. मग मजकुरातल्या खुणा बघा. ट्रेड युनियन कायदा अजून व्हायचाय असं लिहिलं असेल तर १९२६ च्या आधीचं. १९२८ च्या गिरणी संपाची चौकशी करणाऱ्या फॉसेट कमिटीचा उल्लेख असेल तर त्या संपानंतरचं. व्हिटली कमिशनचं काम चालू असल्याचा सूर असेल आणि सहीखाली हेच पद असेल, तर जुलै ते नोव्हेंबर १९२९, इतका नेमका काळ हाती लागतो. दुसऱ्या महायुद्धातली महागाई किंवा कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी रेगे समिती आली की दुसरा गठ्ठा.

लेबरगॅझेट
एवढं कशाला? मुंबई सरकारचं लेबर गॅझेट उघडा. सप्टेंबर १९२१ पासून दरमहा निघायचं. प्रत्येक संपाची तारीख, गिरणी, किती कामगार बाहेर, सगळं आहे. पानात गिरणीचं नाव असेल तर अर्ध्या तासात काम होईल.

परळची_चाळ
सरकारी बाजू आहे ती. संपाचं कारण त्यात दोन-चार शब्दांत उरकतात आणि ते मालकांच्या सोयीचं असतं.

लेबरगॅझेट
कारणासाठी वापरा असं मी म्हटलंच नाही. तारीख आणि आकड्यांसाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

परळची_चाळ
आकडेसुद्धा पडताळूनच घ्या. सभासदसंख्या युनियनची वेगळी, सरकारची वेगळी. त्यापेक्षा मध्यवर्ती कायदेमंडळाची कामकाजपत्रं बघा. ना. म. तिथे कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी होते, आणि भाषणावर तारीख असतेच. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. शोधताना आद्याक्षरांमधली टिंबं आणि मोकळ्या जागा बदलून बघा, स्कॅनमधली अक्षरं बऱ्याचदा चुकतात. तुमच्या टंकलिखित पानांतला एखादा भाषणाचा मसुदा निघाला तर तारीख तिथेच सापडेल.

गिरणगल्ली
सगळी पानं पाहिली. अकरांत आयटकचं नाव, चारांत फेडरेशनचं. दोन पानांवर काहीच खूण नाही. आणखी एका पानात 'डिअरनेस अलाउन्स' (महागाई भत्ता) आहे.

दफ्तरी
चार पानं फुटीनंतरची: १९२९ च्या अखेरीपासून १९४० पर्यंत, तेव्हा दोन्ही संघटना पूर्ण एक झाल्या. सहीखालचं 'जनरल सेक्रेटरी' हे पद तिथे फेडरेशनचं. डिअरनेसचं पान बहुधा दुसऱ्या गठ्ठ्यातलं. उरलेल्या अकरांत फॉसेट, व्हिटली, रेगे ही नावं शोधा. ती दोन बिनखुणेची पानं दुसऱ्या कुठल्या तरी पानाच्या पुढची-मागची असतील: टंकाचा ठसा, समासाची रुंदी आणि वर-खाली बसलेलं एखादं अक्षर जुळवून बघा. एकाच यंत्राचं 'ई' अक्षर सगळीकडे सारखंच झिजलेलं दिसतं.

आणि मित्राला आजच फोन करा. हस्तलिखित विभागाच्या मागणी-चिठ्ठीवर फाईलचा क्रमांक लिहावा लागतो, त्याच्याकडे तो नोंदवलेला असणारच. क्रमांकाशिवाय लेखात एकही पान उद्धृत करू नका. पुढच्या वेळी प्रत घेताना प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे तो प्रतीतच उतरतो.

गिरणगल्ली
मित्राला लावला. फाईल दोन होत्या, क्रमांक संध्याकाळी देतो म्हणाला. मिळाले की इथेच टाकतो.