पुणे-बेंगळुरूच्या आधी हे पाहावे

पुण्याला किंवा बेंगळुरूला गेल्याशिवाय बेळगावच्या तरुण कलाकारांना संधी नाही, हे मत अनेकदा ऐकू येते, पण मला ते पटत नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे दोन वर्षे मिळते. शिकवणाऱ्यांनी नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गुरु-शिष्य परंपरा योजना, म्हणजे गुरू आणि शिष्यांना मानधन देणारी योजना, पाहावी. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही त्या केंद्राची सदस्य राज्ये आहेत, हे आपल्या भागासाठी महत्त्वाचे. खानापुरात माझ्याकडे तबला शिकणारा एक मुलगा, बोटांवरची पावडरही न पुसता, ओसरीवर त्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसला आणि गुरूंच्या माहितीच्या रकान्यापाशी अडला. चूक माझीच होती, कारण इतकी वर्षे शिकवूनही तो माझ्याकडे शिकतो असे पत्र मी त्याला कधी लिहून दिले नव्हते. ते प्रत्येक शिक्षकाने आधीच द्यावे.