गॅस भरण्याआधी पुढचा फॅन बघा
गाडीचा एसी नीट थंड करत नाही, काय करू, या प्रश्नावर गॅस भरून घ्या, होईल थंड, असं वर दोघातिघांनी लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, ते न शोधता नुसता भरला तर काही दिवसांनी परत तेच. आणि माझ्या गाडीत तर गॅस पुरेसा होता तरी हायवेला मस्त थंड आणि सिग्नलला थांबलं की पाच मिनिटांत गरम हवा. दोनदा गॅसचे पैसे गेले, मग एका जुन्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून एसी लावायला सांगितला आणि बोट दाखवलं, कंडेन्सरचा, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा, फॅन फिरतच नव्हता, त्याला करंट देणारा छोटा स्विच, म्हणजे रिले, जळालेला, प्लास्टिक एका कोपऱ्यात वितळून तपकिरी झालेलं. गाडी पळताना समोरून वारा लागतो म्हणून कळत नाही, थांबली की कंडेन्सर तापतो, प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, आपोआप बंद होतो.

त्यामुळे तुमचा एसी चालत्या गाडीत थंड आणि थांबल्यावर गरम असेल तर आधी हा फॅन बघा, फक्त हात आत घालू नका, तो एकदम सुरू होतो.