शाळेच्या पोहण्याच्या तासाला गॉगल बंद, मुलीला उणे साडेचार नंबर : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे प्राथमिक शाळा सोडेपर्यंत मुलांना किमान २५ मीटर पोहता यावं, असं राष्ट्रीय अभ्यासक्रमातच आहे. आता लेकीच्या वर्गाला तलावावर नेणार आहेत. शाळेच्या पत्रात लिहिलंय, पोहण्याचे गॉगल आणू नयेत. वैद्यकीय कारण असल्यास लेखी कळवा.

शिक्षिकेशी बोलले. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मुलं गॉगल पुढे ओढतात, ओला हात सटकतो आणि ताणलेल्या पट्ट्याने भिंगं थेट डोळ्यांवर आपटतात. शिवाय कधी चुकून पाण्यात पडलं तर डोळ्यांवर गॉगल नसणार, तेव्हा त्याशिवाय पोहायची सवय हवीच.

पण हिचा चष्मा काढला की वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर होतं. काठावरून कोणी हात वर करून ‘थांब’ अशी खूण केली, तर ती हिला कळणार कशी? मला याचीच जास्त धास्ती वाटते.

नंबरचे गॉगल घ्यायची तयारी आहे. पत्र जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) आणायचं की ऑप्टिशियनकडून? आणि बुडी मारून तलावाच्या तळाशी टाकलेली वीट उचलायला लावतात, तेव्हा गॉगल चालतात का?

प्रतिसाद

ताई, आमच्या मुलाच्या वेळी जीपीकडे जावंच लागलं नाही. डोळे तपासल्यावर नंबरचा कागद देणं ऑप्टिशियनला बंधनकारक आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांची तपासणी एनएचएसतर्फे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे) मोफत होते. त्या कागदाची प्रत जोडून शाळेला अर्ज करा. ‘काठावरची खूण दिसत नाही’ हे तुमचं वाक्य त्यात जसंच्या तसं घाला, कारण मुद्दा सुरक्षिततेचाच आहे.

त्याआधी घरी आरशासमोर सराव करून घ्या. घालताना एका हाताने भिंगं डोळ्यांवर दाबून धरायची, दुसऱ्याने पट्टा डोक्यामागे न्यायचा. काढताना अंगठे मागून पट्ट्याखाली घालून तो डोक्यावरून पुढे आणायचा. भिंगं पुढे ओढायची नाहीत, कधीच. हे तिने शिक्षिकेला करून दाखवलं तर त्यांची निम्मी काळजी मिटेल.

विटेचं म्हणाल तर उथळ पाण्यात अडचण नाही. खोल पाण्यात मात्र गॉगल काढायला सांगा. नाक गॉगलच्या बाहेर असल्याने गॉगलच्या आतल्या हवेचा दाब वाढवता येत नाही आणि डोळे ओढल्यासारखे दुखतात. नाक झाकणारा मास्क मात्र घेऊ नका, आमच्या तलावावर तो शिकवणीला चालत नाही.