राजासाठी जंगलात गेलेले शेतकरी

अमेरिकेच्या बॉम्बफेकीमुळेच कंबोडियात ख्मेर रूज (तिथले कम्युनिस्ट बंडखोर) फोफावले, असं एक मत आहे; ते अर्धंच पटतं. बॉम्बफेक कळसाला पोचली १९७३ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी, मार्च १९७० मध्ये, पंतप्रधान जनरल लोन नोलने देशाचा प्रमुख आणि पूर्वीचा राजा सिहानूक याला पदच्युत केलं होतं. त्या मतात ही गोष्ट येतच नाही.

सिहानूकने बीजिंगमधून रेडिओवर लढ्याची हाक दिली आणि ज्या ख्मेर रूजना कालपर्यंत चिरडत होता, त्यांच्याशीच हातमिळवणी केली. शेतकऱ्यांच्या लेखी तो राजाच. कित्येकजण मार्क्ससाठी नव्हे, त्याच्यासाठी जंगलात गेले (ख्मेर रूजचा नेता पोल पॉट, हे नावही तेव्हा खेड्यांत कुणी ऐकलं नव्हतं). १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडलं आणि वर्षभरात हे राजेसाहेब स्वतःच्याच राजवाड्यात नजरकैदेत!