'हाफ-कट' म्हणजे अर्धा चहा? — 'कट'बद्दल विचारायचं होतं

अनुवादिका
एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करतेय. जुन्या इंग्लंडातलं लग्नघर, मानपान, रुसवेफुगवे. त्यात एक बाई तक्रार करते की अमका गृहस्थ दिवेलागणीलाच 'हाफ-कट' होता आणि वर त्याने मला चारचौघांत 'कट डेड' केलं. मी पहिल्याचं 'अर्धवट झिंगलेला' आणि दुसऱ्याचं 'ओळखही दाखवली नाही' असं केलं. मुद्रितं तपासणारे गृहस्थ सीताबर्डीचे, जुने, जाणते. पहिल्यापुढे त्यांचा शेरा : "अर्ध्या कट चहाने कोण झिंगतं?" दुसऱ्यापुढे : "सरळ 'कट मारला' लिहा, सगळ्यांना कळतं." कळतं हो, पण काय कळतं? 'ओळख दाखवली नाही' मलाही जरा मिळमिळीत वाटतंय. टोचणारा शब्द सुचवा.

तर्रीबाज
ताई, 'कट मारला' लिहिलं तर नागपुरातला माणूस पहिले विचारेल, गाडी कोणती होती? वर्धा रोडवर पोट्टे असा कट मारून राहिले ना, की आरसा घासून जाते. लग्नातल्या बाईले कट मारला म्हणजे सरळ पोलीस केस.

महालकर
'हाफ-कट'बाबत तुम्ही बरोबर आहात. 'कट' म्हणजे प्यायलेला हा इंग्रजीतला जुना अर्थ, 'हाफ-कट' ब्रिटनमध्ये अजून चालतो. चहाशी संबंध नाही.
'कट डेड' तर फारच मजेदार. 1811 साली लंडनला बाजारू इंग्रजीचा एक कोश निघाला, फ्रान्सिस ग्रोसच्या 1785च्या कोशाची वाढवलेली आवृत्ती. त्यात ओळख टाळायचे चार प्रकार दिलेत. समोरून नकोसा माणूस येताना दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जाणं हा 'कट डायरेक्ट'. दुसरीकडे बघत, तो दिसलाच नाही असं दाखवून पुढे जाणं हा 'इनडायरेक्ट'. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलचं शिखर नाहीतर आकाशातले ढग न्याहाळत राहणं, तो नजरेआड होईपर्यंत, हा 'सब्लाइम'. आणि त्याच कामासाठी खाली वाकून बुटाच्या नाड्या तपासणं, हा 'इन्फर्नल'. वर बघितलं तर स्वर्गीय, खाली बघितलं तर नारकीय!
यातला कुठला प्रकार त्या बाईच्या वाट्याला आला ते आधी ठरवा. मराठी शब्द त्यावर ठरेल.

तर्रीबाज
काका, इन्फर्नलवाला तर आपल्याकडेही आहे. उधार घेतलेला माणूस बर्डीवर दिसला की मोबाईलमध्ये मुंडकं घालते.

शुद्धमती
मुळात 'कट' या शब्दाचं एवढं कौतुक कशाला? कापणे, कातरणे, छाटणे, चिरणे, तोडणे, खुडणे, सोलणे. भाजी चिरतात, कापड कातरतात, फांदी छाटतात, मेथी खुडतात. एवढं सगळं असताना आमची मुलं केकही कट करतात, केसही कट करतात आणि पगारही कट होतो. अनुवादात तरी हे नको. 'तोंड फिरवलं' लिहा, 'पाठ फिरवली' लिहा. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज आपल्या महापालिकेत कोणी हसतं का?

बर्डीचा बंड्या
शुद्धमतीताई, पण 'पाठ फिरवली' म्हणजे मदतीच्या वेळी सोडून गेला. 'तोंड फिरवलं' म्हणजे राग. इथे राग दाखवायचाच नाही, तू अस्तित्वातच नाहीस असं दाखवायचंय. आणि रोडच्या दुभाजकातल्या मोकळ्या जागेला तुम्ही काय म्हणता? आम्ही म्हणतो, "पुढच्या कटवरून वळव." रिक्षावाल्याला 'दुभाजक-विच्छेद' म्हणून पाहा, सरळ बुटीबोरीला नेऊन सोडेल.

शुद्धमती
'फट' म्हणा. 'पुढच्या फटीतून वळव.'

बर्डीचा बंड्या
ना बा ताई. तुम्हीच म्हणा.

भाषाकिडा
कट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. संस्कृत 'कृत्' म्हणजे कापणे, त्यातून कर्तरी, कर्तरीतून आपली कात्री. आणि 'कट' ऐकायला तसाच, म्हणून लोक दोघांची सोयरीक जुळवतात. पण इंग्रजीत 'कट' साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात दिसायला लागतो, बहुधा स्कँडिनेव्हियाकडून आलेला. 'कृत्'चे खरे नातलग इंग्रजीत वेगळेच आहेत : मेंढ्या कातरण्याचं 'शिअर', आणि 'शॉर्ट'. म्हणजे 'शॉर्टकट' या शब्दात आपल्या कात्रीच्या गोत्रातला आहे तो 'शॉर्ट'. 'कट' नव्हे!

महालकर
वा! हे माहीत नव्हतं.
माझं म्हणणं, इंग्रजीत या शब्दाचे निम्मे वाक्प्रचार कापण्यातून थेट आलेले नाहीत, कुठल्या ना कुठल्या धंद्यातून आलेत. 'कट अँड रन' जहाजावरचा : नांगर वर ओढायला वेळ नाही, दोर कापा आणि वारा धरून पळा. 'कट ऑफ हिज जिब'सुद्धा तिथलाच, पुढच्या शिडाच्या कापावरून जहाज कोणाचं ते लांबून ओळखायचे. 'कट टू द चेस' मूकपटांच्या जमान्यातला, प्रेमबिम पुरे, पाठलाग दाखवा. अनुवाद करताना तो धंदा हातचा निसटतो, अर्थ तेवढा राहतो. 'नांगर तोडून पळाला' मराठीत कोण म्हणेल? विदर्भात समुद्र कुठला!

तर्रीबाज
आम्ही म्हणतो, 'कटला तो.' बिल द्यायची वेळ आली की कटला.

भाषाकिडा
हा 'कटला' इंग्रजी नाही हां. हिंदीतल्या 'कट ले'मधला. हिंदी 'कटना' थेट 'कृत्'च्या वंशातला. संक्रांतीला गच्चीवरून 'ओ काट, ओ पार' ओरडतात, तो काटही तोच. नागपूरच्या 'कट'मध्ये इंग्रजी किती आणि हिंदी किती हे वेगळं करणं अवघड आहे. 'कट मारणे'चंसुद्धा मी खात्रीने सांगणार नाही.

धरमपेठची आजी
तुम्ही सगळे 'कट्टी' कसे विसरलात? आमच्या लहानपणी करंगळी दाखवून कट्टी घ्यायचो. त्या गोऱ्या बाईशी त्या माणसाने कट्टीच घेतली की!

अनुवादिका
आजी, गोड आहे. पण कट्टीत निदान सांगतात तरी, 'जा, तुझ्याशी कट्टी.' इथे सांगायचंच नाही, हाच तर अपमान.

बर्डीचा बंड्या
'इग्नोर मारलं' लिहा. कॉलेजच्या पोरांना विचारा, हाच शब्द आहे.

शुद्धमती
देवा.

जामठा एण्ड
क्रिकेट कोणीच काढलं नाही? स्क्वेअर कट, लेट कट. विश्वनाथचा स्क्वेअर कट ज्यांनी पाहिला त्यांना 'कट'चा मराठी शब्द विचारू नका. आणि नागपूर म्हटलं की 1987चा विश्वचषक, न्यूझीलंडविरुद्धचा सामना, सिव्हिल लाइन्सचं मैदान, चेतन शर्माची हॅटट्रिक, गावस्करचं वनडेतलं एकमेव शतक.

महालकर
हॅटट्रिकमधले तिघेही त्रिफळाचीत. कटचा संबंध काय?

जामठा एण्ड
संबंध नाही. आठवण आली.

धरमपेठची आजी
आणि कटाची आमटी? पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी निथळून घ्यायचं, तो कट. त्यात थोडी डाळ घोटायची, गोडा मसाला, चिंच, गूळ. शुद्धमती, हा तरी अस्सल मराठी ना?

शुद्धमती
हा शंभर टक्के. आणि 'कटकारस्थान'मधलाही आपलाच. म्हणून तर म्हणते, आपल्या घरात दोन कट असताना तिसरा बाहेरून कशाला?

बर्डीचा बंड्या
पुण्याचे लोक मिसळीवर ओततात तोही कटच. लाल.

तर्रीबाज
त्याले तर्री म्हणतात. पोह्यावर चणे घालून जे येते ते. कट-फट काही नसते.

बर्डीचा बंड्या
तर्री पातळ असते. कट वेगळा.

तर्रीबाज
तू कोणत्या टपरीवर खाऊन राहिला बे? तर्री म्हणजे वरचं तेल. खालचं पाणी म्हणजे रस्सा.

धरमपेठची आजी
दोघंही चूक. आमच्याकडे तर्री सामिष रश्श्यावरची. पोह्यावर घालायची ही नंतरची खोड.

तर्रीबाज
आजी, हे काही मी ऐकून घेणार नाही. वेगळा धागा काढतो.