अल्कांतारा परत पूर्वीसारखा टाकेल का? बेसबॉलवाले या इकडे

गंगापूररोडकर:
इथे बेसबॉल बघणारे दोन-चार जण तरी असतील म्हणून विचारतोय. मायामी मार्लिन्सचा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, सँडी अल्कांतारा. २०२२ ला त्याने साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या बेस्ट पिचरचं बक्षीस, घेतलं तेव्हापासून मी फॅन, पहाटेचा अलार्म लावून मॅच बघायचो, आई म्हणायची अभ्यासाला कधी उठला नाहीस. त्या वर्षी ईआरए २.२८ आणि सहा मॅच एकट्याने पूर्ण टाकल्या, आजकाल कोण टाकतं एवढं? मग २०२३ च्या सीझननंतर कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन, २०२४ अख्खं बाहेर, आणि २०२५ ला परत आला तर ईआरए ५.३६, ११ जिंकल्या १२ हरल्या. संपला का हा?

सिडको_एक्सप्रेस:
ईआरए म्हणजे काय रे भो, आम्हाला इकॉनॉमी रेट कळतो फक्त 😄

गंगापूररोडकर:
तसंच काहीसं समज. पिचरने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे, किती रन दिले ते, फिल्डरच्या चुकीमुळे गेलेले सोडून. तीनच्या आत म्हणजे भारी, पाचच्या वर म्हणजे घरी बसायची वेळ.

पंचवटीचा_लेफ्टी:
संपला बिंपला काही नाही. मी गोल्फ क्लबच्या मैदानावर क्लब क्रिकेट खेळायचो, फास्ट बॉलर, खांद्याचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांत स्पीड आला परत, मी खूश, पण यॉर्कर टाकायला जावं आणि फुलटॉस पडावा असं जवळपास वर्षभर चाललं. हातात ताकद असते पण बॉल नेमका कधी सोडायचा ते हात विसरलेला असतो आणि ते डॉक्टर शिकवत नाही, टाकून टाकूनच येतं. अल्कांताराचं तेच दिसतंय मला, फास्टबॉल अजून ताशी १५५ किमीच्या आसपास आहे म्हणजे कोपर ठीक आहे, बॉल फक्त पाहिजे तिथे पडत नव्हता. आणि सीझनच्या दुसऱ्या अर्ध्यात तो बराच सुधारला होता, ते ५.३६ मध्ये झाकलं गेलंय. ज्याच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात त्या टॉमी जॉनचं १९७४ ला झालं, त्यानंतर तो १६४ मॅच जिंकला.

नाशिकरोड_स्टेशन:
लेफ्टी दादा, सगळ्यांचं तसं होत नाही ना पण. टिम लिन्सेकम बघा, २००८ आणि २००९ लागोपाठ साय यंग, आणि २०१२ ला ईआरए ५.१८. तेव्हाही सगळे म्हणत होते येईल परत. नंतर दोन नो-हिटर टाकले त्याने, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिली नाही, तरी पूर्ण सीझन पहिल्यासारखा कधीच गेला नाही. त्याचा स्पीडच उतरला होता.

पंचवटीचा_लेफ्टी:
अरे मग तू माझंच म्हणणं मांडलंस की! स्पीड गेला तर अवघड, स्पीड असून दिशा गेली तर वाट बघायची.

मिसळ_आणि_मॅच:
यात रॉय हॅलाडे राहिला. २००० साली टोरंटोकडून ईआरए १०.६४, हो दहा. बॉलमध्ये स्पीड होता तरी मार खायचा. पुढच्या वर्षी त्याला थेट खालच्या लीगमध्ये पाठवला, तिथे मेल क्वीन नावाच्या कोचने त्याचा हात वरून यायचा तो थोडा आडवा करून घेतला, बॉल सरळ न जाता हलायला लागला. २००३ ला साय यंग, २०१० ला परत. पण तो तेव्हा तेवीस-चोवीसचा पोरगा होता, सगळं मोडून नव्याने शिकायला तयार. अल्कांतारा तिशीत आलाय आणि एकदा टॉपला जाऊन आलाय. अशा माणसाला कोण सांगणार हात बदल म्हणून? मला शंका तिथे आहे, कोपराची नाही.

गंगापूररोडकर:
हा मुद्दा खरा आहे. मी आता सुरुवातीच्या पाच-सहा मॅच ईआरए बघणारच नाही, वॉक किती देतोय तेवढंच मोजणार, वही काढलीये.

सिडको_एक्सप्रेस:
वॉक म्हणजे वाइड का?

गंगापूररोडकर:
चार वाइड मिळून एक वॉक धर. बाकीचं कॉलेज रोडला चहावर सांगतो, पैसे तू दे.